आर्ट टेटम : गाणं तेच, खालची जमीन वेगळी

जॅझ पियानोबद्दल बोलायचं तर आर्ट टेटमच्या नावाशिवाय पान हलत नाही. पण नाव घेतलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, त्याला जवळजवळ दिसत नव्हतं. दोन, तो भयंकर वेगानं वाजवायचा. दोन्ही खरं आहे. मला मात्र या लेखात तिसरी गोष्ट सांगायची आहे. टेटम आयुष्यभर बहुतेक तीच तीच गाणी वाजवत राहिला, आणि दर वेळी त्या गाण्यांच्या खालची जमीन बदलत राहिला. हे एका रेकॉर्डिंगवरून कळत नाही. दोन-तीन रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ठेवून ऐकावी लागतात. गेले काही महिने मी तेच करतोय, आणि त्या ऐकण्यातून मला दिसलेला टेटम इथे मांडतोय.

त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९०९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो या गावी. वडील मेकॅनिक. आई पियानो वाजवायची, वडील थोडीफार गिटार. कुटुंब कृष्णवर्णीय, प्रेस्बिटेरियन चर्चला नियमानं जाणारं. मुलाच्या दोन्ही डोळ्यांत अगदी लहानपणीच मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाल्या, थोडं दिसू लागलं. पुढे तारुण्यात कुणीतरी हल्ला केला आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. दुसऱ्या डोळ्यानं अंधुक दिसायचं. पत्ते खेळायची त्याला फार हौस, तेव्हा पान अगदी डोळ्याजवळ नेऊन बघायचा आणि डाव जिंकायचा.

संगीत तो कानानं शिकला. घरात आईचं वादन, चर्चमधली स्तोत्रं, रेडिओ, तबकड्या आणि पियानो रोल. पियानो रोल म्हणजे छिद्रं पाडलेली कागदाची गुंडाळी. ती खास पियानोत बसवली की पट्ट्या आपोआप खाली-वर होतात, जणू न दिसणारा माणूस वाजवतोय. त्या हलत्या पट्ट्यांवर बोटं ठेवून शिकलेले वादक त्या काळात बरेच होते. पुढे कोलंबस इथल्या अंधशाळेत आणि मग टोलेडोच्या संगीतशाळेत त्याला रीतसर शिक्षणही मिळालं. तिथले त्याचे शिक्षक ओव्हरटन रेनी यांनाही दृष्टीचा त्रास होता आणि ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवायचे. म्हणजे पोरगं केवळ दैवी देणगीवर मोठं झालं, ही समजूत आधीच बाजूला ठेवलेली बरी. शिकवणी होती, मेहनत होती.

विशीत येईपर्यंत टोलेडोच्या रेडिओवर त्याचा स्वतःचा छोटा कार्यक्रम सुरू झाला. जाहिरातीत त्याच्या नावाला 'अंध' हे विशेषण चिकटलं ते चिकटलंच. मला हे खटकतं. रेडिओवर तर वाजवणाऱ्याचे डोळे कुणाला दिसतच नाहीत, आणि ऐकणाऱ्यालाही तिथे डोळ्यांचं काम नसतं. तरी लोकांना आधी ते सांगावंसं वाटलं. आजही त्याच्यावरचे लेख बहुधा तिथूनच सुरू होतात.

१९३२ मध्ये गायिका अ‍ॅडलेड हॉल हिच्या साथीला म्हणून तो न्यूयॉर्कला गेला. तेव्हा हार्लेम हे पियानोवाल्यांचं कुस्तीचं मैदान होतं. जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर आणि विली 'द लायन' स्मिथ हे तिथले वस्ताद. त्यांच्या शैलीला 'स्ट्राइड' म्हणतात. डावा हात एका तालात उड्या मारतो. खालचा एकच जाड स्वर, मग वर मधल्या सप्तकात कॉर्ड, पुन्हा खाली, पुन्हा वर. एकटा डावा हातच बास आणि ढोल दोन्ही होतो, आणि उजवा हात गाणं म्हणायला मोकळा राहतो. नव्या पोराला या वस्तादांनी एका बारमध्ये बोलावलं आणि जुगलबंदी झाली. टेटमनं 'टी फॉर टू' आणि 'टायगर रॅग' वाजवलं. जॉन्सन आणि वॉलर यांनी आपापले हुकमी एक्के काढले, पण त्या रात्रीनंतर मैदान कुणाचं याबद्दल हार्लेममध्ये वाद राहिला नाही. वॉलर मनाचा मोठा. पुढे एकदा तो स्वतः वाजवत असताना टेटम आत आला, तेव्हा त्यानं श्रोत्यांना सांगितलं की मी आपला पियानो वाजवतो, पण आज देवच घरात आला आहे. चर्चमध्ये वाढलेल्या माणसांच्या तोंडी असं वाक्य सहज येत नाही.

आता मुद्द्याचं. २१ मार्च १९३३ रोजी टेटमनं एकट्याच्या चार बाजू मुद्रित केल्या. त्यांतली एक हेच 'टी फॉर टू'. हे व्हिन्सेंट युमन्सचं गाणं, 'नो, नो, नॅनेट' या १९२० च्या दशकातल्या संगीतिकेतलं. चाल म्हणाल तर पोरखेळ. दोन-तीन स्वरांचा झोका पुन्हा पुन्हा. पण त्यात एक गंमत आहे. पहिला तुकडा एका पट्टीत, तर दुसरा तुकडा अचानक वरच्या दुसऱ्याच पट्टीत जातो आणि मग परत घरी येतो. साधा माणूस ही उडी चालीचा भाग म्हणून सोडून देतो. टेटमनं तिचाच धागा पकडला. एवढ्या साध्या गाण्यात जर एकदा पट्टी बदलता येते, तर दहादा का नको? चाल तो ओळखू येईल अशीच ठेवतो, पण खालच्या कॉर्ड अशा सरकवतो की क्षणभर आपण कुठल्या पट्टीत आहोत तेच कळत नाही. आता घसरला, असं वाटतं. तेवढ्यात नेमक्या मात्रेवर पाय जमिनीला लागतो.

मी कॉलेजच्या क्वायरमध्ये बास गातो. त्यामुळे हा प्रकार मला थोडा आतून कळतो. बास गाणाऱ्याच्या वाट्याला चाल कधी येत नाही. पण वर सोप्रानो तोच स्वर धरून असतात आणि खाली आम्ही एक स्वर उतरलो, की त्याच स्वराचा चेहरा बदलतो. मघाशी प्रसन्न होता, आता हळवा झाला. एकच स्तोत्र दोन वेगवेगळ्या बांधणींत गाऊन बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. चर्चच्या गाण्यात हे चार जण मिळून करतात, आधी लिहून, तालीम करून. टेटम ते दहा बोटांनी, धावत्या लयीत करत होता.

हेच गाणं त्यानं एप्रिल १९३९ मध्ये पुन्हा मुद्रित केलं. दोन्ही रेकॉर्डिंग मी लागोपाठ लावली. आराखडा बराचसा तोच. फरक स्वभावात आहे. १९३३ चा टेटम तेवीस वर्षांचा आहे आणि जे जे येतं ते सगळं तीन मिनिटांत दाखवायची त्याला घाई आहे. १९३९ च्या टेटमला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलेलं नाही. त्याच उड्या, तीच वळणं, पण वळणापाशी तो जरा थांबतो, ऐकणाऱ्याला आधी घरी बसवतो आणि मग हळूच पायाखालची सतरंजी ओढतो. ही दुसरी तबकडी पुढे १९८६ मध्ये ग्रॅमीच्या सन्मानयादीत गेली. मला विचाराल तर माझंही मत तिलाच.

मग मी हेच गाणं दुसऱ्यांचं ऐकलं. फॅट्स वॉलरचं १९३७ चं एकल वादन ऐका. नीटनेटकं, हसरं, डावा हात घड्याळासारखा. चाल जशी आहे तशी त्याला आवडते आणि तो ती आवडीनं वाजवतो. बड पॉवेलचं १९५० चं घ्या, सोबत बासवर रे ब्राउन, ड्रमवर बडी रिच. इथे डाव्या हाताच्या उड्या गेल्या. तो मधूनच एखादी कॉर्ड टोचतो आणि उजवा हात एकेका स्वराची लांबच लांब ओळ सुसाट सोडतो. थेलोनियस मंकचं १९६३ चं अगदी उलट. स्वर कमी, मधे मोकळ्या जागा, खडबडीत कॉर्ड, जणू कुणी जुन्या खेळण्याचे भाग सुटे करून पुन्हा जोडतोय. तिघेही थोर. पण या तिघांच्या मधे टेटमची तबकडी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. वॉलरचा डावा हात, पॉवेलची धावती ओळ, मंकच्या चमत्कारिक कॉर्ड, या तिन्हींचा काही ना काही अंश त्या १९३३ च्या तीन मिनिटांत आहे. वॉलर त्याच्या आधीचा, बाकी दोघे त्याच्यानंतरचे. मधला सांधा टेटम आहे.

त्याच्या वेगाची दहशत मात्र खरीच होती. 'टायगर रॅग'चं १९३३ चं रेकॉर्डिंग सुरू होतं ते स्वप्नात असल्यासारखं, तरंगत्या कॉर्डनी. आणि मग एकदम वाघ सुटतो. कॅनडातल्या ऑस्कर पीटरसनला त्याच्या वडिलांनी लहान वयात ही तबकडी ऐकवली. दोन माणसं वाजवत असणार, असं त्याला वाटलं. एकच आहे हे कळल्यावर पोरगं काही आठवडे पियानोला शिवलं नाही. हाच पीटरसन पुढे जगातल्या नामवंत जॅझ पियानोवाल्यांत गणला गेला. टेटमला प्रत्यक्ष वाजवताना पाहिलेले लोक सांगत की हात फारसे हलतच नाहीत, बोटं जवळजवळ सपाट, चेहरा शांत. वादळ फक्त आवाजात.

आता दुसरी बाजू. ती टाळून चालणार नाही, कारण टेटमवर सगळ्यात जास्त बोट ठेवलं गेलं ते इथेच. त्यानं स्वतःची गाणी जवळजवळ रचलीच नाहीत. दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी घ्यायची आणि त्यांवर नक्षी काढायची. शिवाय बांधणी एकदा बसली की वर्षानुवर्षं तीच. १९५५ मध्ये फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी याच अंगानं त्याच्यावर टीका केली आणि पियानिस्ट बिली टेलर यांनी त्यांना उत्तर दिलं. जॅझ म्हणजे ऐन वेळी सुचणं, मग आधी बसवलेलं वाजवणाऱ्याला थोर का म्हणायचं, असा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या श्रोत्याला देणं तुलनेनं सोपं आहे, असं मला वाटतं. ख्याल गाणारा गायक एकच बंदीश चाळीस वर्षं गातो. बंदीश त्याची नसते, गुरूकडून आलेली असते. मुखडा तोच, समही तीच. म्हणून कुणी त्याला नक्कल करणारा म्हणत नाही. मुखड्यापासून पुन्हा मुखड्यापर्यंत येताना वाटेत काय घडलं, हे आपण ऐकतो. टेटमची गाणी अशी ऐकावीत. 'विलो वीप फॉर मी' हे ॲन रोनेलचं गाणं त्यानं १९४९ मध्ये मुद्रित केलं आणि पुन्हा १९५३ मध्ये. घर तेच आहे, हे पहिल्या काही क्षणांत ओळखू येतं. पण आत गेल्यावर खोल्यांची मांडणी बदललेली. ड्वोर्झाकची 'ह्युमोरेस्क' त्यानं १९४० मध्ये वाजवली, १९४९ च्या मैफलीत वाजवली, १९५३ मध्येही वाजवली. सुरुवातीला तो ती शहाण्या विद्यार्थ्यासारखी सरळ वाजवतो. मग डावा हात उड्या मारायला लागतो आणि युरोपच्या दिवाणखान्यातली बाई हार्लेमच्या गल्लीत नाचू लागते.

टीका सगळीच खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. टेटमची एक सवय मलाही कधीकधी जाचते. वाक्य संपलं की वरून खाली स्वरांची सर ओघळते. पहिल्यांदा डोळे विस्फारतात, पाचव्यांदा वाटतं, बाबा रे, जरा श्वास घे. एका बैठकीत त्याची दहा रेकॉर्डिंग ऐकू नयेत. दोन ऐकावीत आणि तीच पुन्हा ऐकावीत. असं ऐकलं की सरीपेक्षा तिच्याखाली डावा हात काय करतो तिकडे कान जातो, आणि खरा माल तिथे आहे.

त्याची बरीच वर्षं नाइट क्लबमध्ये गेली. पेले किणकिणतायत, लोक बोलतायत आणि कोपऱ्यात हा वाजवतोय. १९३८ मध्ये तो इंग्लंडला गेला, तेव्हा तिथले श्रोते गप्प बसून ऐकतात याचंच त्याला अप्रूप वाटलं. अमेरिकेत क्लब बंद झाल्यावरच त्याची खरी मैफल सुरू व्हायची, पहाटेपर्यंत, मित्रांसाठी. जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी १९४० आणि १९४१ मध्ये तबकडी कोरण्याचं छोटं यंत्र घेऊन हार्लेमच्या असल्या रात्रींना हजर राहिला. आवाजात खरखर आहे, मागे गप्पा ऐकू येतात. पण तीन मिनिटांचं बंधन नाही आणि स्टुडिओचा सोवळेपणाही नाही. टेटम इथे सैलावलेला आहे, चक्क ब्लूज गातोसुद्धा. या मुद्रणांचा संग्रह १९७३ मध्ये 'गॉड इज इन द हाउस' या नावानं निघाला. वॉलरच्या त्या उद्गाराची ही आठवण. त्याला ग्रॅमीही मिळालं, टेटम गेल्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी. एका विद्यार्थ्यानं हौसेनं केलेलं काम किती मोलाचं ठरू शकतं, हे आपण विद्यार्थ्यांनी तरी लक्षात ठेवावं.

१९४३ मध्ये त्यानं त्रिकूट काढलं. गिटारवर टायनी ग्राइम्स, बासवर स्लॅम स्ट्युअर्ट. पैसा आणि लोकप्रियता त्यानं मिळवून दिली. पण चाळिशीच्या उत्तरार्धात जॅझचं वारं फिरलं. बीबॉपची पोरं आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी टेटमचीच विद्या घेतली होती, पण मासिकांतली जागा आता त्यांची होती. तब्येतही ढासळत होती. वर्षानुवर्षं बिअर अफाट रिचवलेली.

अशा वेळी निर्माता नॉर्मन ग्रँझ पुढे आला. डिसेंबर १९५३ मध्ये त्यानं टेटमला स्टुडिओत बसवलं आणि हवं ते, हवं तेवढा वेळ वाजवायला सांगितलं. दोन दिवसांत साठाहून जास्त गाणी झाली, बहुतेक पहिल्याच फेरीत. पुढच्या दोन वर्षांत ही संख्या शंभराच्या वर गेली. तबकडी आता लाँग प्लेइंग होती, तीन मिनिटांचा फास सुटला होता. तरी खरं सांगतो, मला तीन मिनिटांचा टेटम जास्त भावतो. आपल्या जुन्या गवयांच्या तबकड्यांचं जसं होतं, तसंच. जागा कमी असली की माणूस नेमकं तेच ठेवतो, जे ठेवल्याशिवाय चालत नाही.

शेवटचं वर्ष १९५६. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोलमध्ये त्यानं एकोणीस हजार श्रोत्यांपुढे वाजवलं. आणि ११ सप्टेंबरला सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरबरोबर एक रेकॉर्ड केली. टेटमवर एकच काही ऐकायचं असेल, तर मी हीच सुचवेन. वेबस्टर शहाणा. टेटमशी स्पर्धा करायच्या भानगडीत तो पडतच नाही. चाल घेतो, जवळजवळ तशीच, सावकाश, स्वरापेक्षा श्वास जास्त. एक स्वर लांबवर धरून ठेवतो, आणि त्या एका स्वराखाली टेटम चार-पाच जमिनी बदलतो. आयुष्यभर जे काम त्यानं एकट्यानं दोन हातांत वाटून केलं, ते इथे दोन माणसांत वाटलं गेलंय. त्यामुळे ते उघड दिसतं. वर स्थिर चाल, खाली वाहतं पाणी. 'माय आयडियल' किंवा 'गॉन विथ द विंड' लावा आणि फक्त वेबस्टरचा स्वर धरून ठेवा. खाली काय होतंय ते आपोआप ऐकू येईल.

हे झालं आणि दोन महिन्यांच्या आतच, ५ नोव्हेंबर १९५६ रोजी, मूत्रपिंडं निकामी होऊन लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. वय अवघं सत्तेचाळीस. त्याच्या नावावर मोठी रचना नाही, त्यानं नवा पंथ काढला नाही. मागे राहिली ती शेकडो रेकॉर्डिंग, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारी तीच गाणी.

आपल्या मंडळात नवं लिहिण्याबद्दल नेहमी चर्चा होते. विषय नवा हवा, आपलाच हवा, आधी कुणी लिहिलेला नको. टेटमची रेकॉर्डिंग ऐकल्यापासून मला या आग्रहाबद्दल शंका येऊ लागली आहे. त्यानं नवा विषय शोधला नाही. सगळ्यांना पाठ असलेली, थोडी बाळबोधसुद्धा, अशी गाणी घेतली आणि त्यांत इतकं खोल खणलं की पुढच्या पिढीला पिढीभराचं काम मिळालं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी वेग मोजत बसू नये. आधी १९३९ चं 'टी फॉर टू', मग १९३३ चं, मग वॉलर, पॉवेल, मंक आणि सगळ्यात शेवटी बेन वेबस्टरबरोबरची रेकॉर्ड, असा क्रम लावा. तासाभराचं काम आहे. इअरफोन लावले तर उत्तम, म्हणजे डावा हात नीट ऐकू येईल.